भाऊबीज आणि वाटा

वाचक लिहितात:

ताई, नमस्कार. मी एकसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका, नाशिकलाच राहते. मखमलाबादच्या बाजूला आमची वडिलोपार्जित द्राक्षबाग होती, ती गेल्या वर्षी विकली. विकण्याआधी भावाने माझ्याकडे हक्कसोडावर सही मागितली. "दरवर्षी भाऊबीज, साडी, माहेरपण. तुला काय कमी केलं?" असं म्हणाला. मी सही केली नाही. वर्षभर बोलणं बंद होतं, पण माझा वाटा मला मिळाला. कर भरून, म्हातारपणाची सोय करून वीस लाख रुपये समाजासाठी द्यायचं ठरवलं आहे. गावच्या देवळाचा सभामंडप अडला आहे. एक संस्था पेठ तालुक्यात शाळेची खोली बांधू म्हणते, दारावर आईवडिलांचं नाव लावतील. माझ्या मैत्रिणींचा गट दप्तरं आणि ब्लँकेट वाटतो.

एक गोष्ट मात्र टोचते. बागेत बावीस वर्षं सुरगाण्याकडचा सालदार (सालाच्या बोलीवर ठेवलेला गडी) आणि त्याची बायको राहत होती. बाग विकली तेव्हा भावाने अकरा हजार रुपये, साडी आणि शर्टपीस देऊन त्यांना निरोप दिला. परवा पंचवटीत मजुरांच्या नाक्यावर तो उभा दिसला. मला बघून हसला, "बाई, तब्येत बरी ना?" म्हणाला. मी रिक्षातून उतरले नाही. दानातून आर्थिक न्याय येतो असं हल्ली वाचनात येतं. माझ्या वीस लाखांनी कितीसा न्याय येणार? आणि ते कुठे द्यावेत?

उत्तर:

ताई,

वीस लाखांतले पहिले पैसे त्या जोडप्याचे आहेत. सभामंडप, खोली, ब्लँकेट यांचं नंतर बघू. आणि त्यांना जे द्याल ते दान म्हणून देऊ नका.

हे तुम्हाला मी वेगळं समजावून सांगायची गरज नाही. हक्कसोडावर सही नाकारलीत त्या दिवशीच तुम्हाला ते कळलेलं होतं. भावाची भाऊबीज खोटी नव्हती, मायेनेच देत असेल. पण ओवाळणी भावाच्या मर्जीची आणि वाटा तुमच्या हक्काचा, हा फरक तुम्ही सोडला नाहीत. ओवाळणी हसून घ्यायची असते, ताटात किती पडलं ते मोजायचं नसतं. वाटा मोजूनच घ्यायचा असतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, म्हणून भावाला वर्षभर रुसूनही शेवटी वाटा द्यावा लागला. तो कायदा नसता तर तुमच्या हातात साडीच राहिली असती. आज त्या सालदाराच्या बायकोच्या हातात साडी आहे.

आणखी एक सांगते, राग मानू नका. पत्रात तुम्ही सालदाराचं नाव तीन वेळा लिहिलं आहे (छापताना मी ते गाळलं). तिचं नाव एकदाही नाही. सगळीकडे "त्याची बायको".

बागेतलं काम तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. मग फेल, म्हणजे नको त्या फुटी, काढायचे, घड विरळायचे, डिपिंग करायचं, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे. ढगाळ हवा आली की डावणी रोगाच्या भीतीने अवेळी फवारणीला उठायचं. यातलं विरळणी-डिपिंगचं निगुतीचं काम बहुतेक बायकाच करतात. शिवाय मळ्यातच राहायचं म्हणजे रात्रंदिवस राखण आली. मोटर चालू-बंद करायची, पाहुणे आले की चहा ठेवायचा, तुमच्या आईचं दुखणंखुपणं निघालं की धावायचं. "जोडी ठेवली" असं आपल्याकडे म्हणतात. ठरलेला पैसा नवऱ्याच्या हातात जातो आणि बायकोचं काम त्यातच धरलं जातं. जमिनीला आलेली किंमत शहर वाढल्यामुळे आली हे खरं आहे. त्यासाठी तुमच्या भावाने घाम गाळला नाही, तुम्हीही नाही, सालदारानेही नाही. पण शहर येईपर्यंत तिथे पडीक रान न होता बाग उभी राहिली ती कुणाच्या हातांनी, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते ठाऊक नसतं तर रिक्षातून उतरायला तुम्हाला जड गेलं नसतं.

आता किती द्यायचं? अंदाजाने एखादा गोल आकडा ठरवू नका, नाहीतर त्याचीही ओवाळणी होईल. मी एक माप सुचवते. हेच जोडपं बावीस वर्षं अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात कायम कामाला असतं तर निघताना त्यांना काय मिळालं असतं? ग्रॅच्युइटीचा नियम असा, की नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. बावीस वर्षांचे झाले ३३० दिवस. मजुरी मी दिवसाला ४०० रुपये धरते, तुम्ही तुमच्याकडचा खरा आकडा घाला. म्हणजे १,३२,००० रुपये. भविष्य निर्वाह निधीत मालकाचा हिस्सा १२ टक्के. महिन्याचे २६ दिवस धरले तर पगार १०,४०० रुपये, त्याचे १२ टक्के १,२४८, आणि २६४ महिन्यांचे ३,२९,४७२. दोन्ही मिळून एका माणसाचे ४,६१,४७२ रुपये. माणसं दोन. सव्वानऊ लाखांच्या जवळ जातं.

तुम्ही म्हणाल, बावीस वर्षांपूर्वी मजुरी एवढी कुठे होती? नव्हती, पण इतक्या वर्षांचं व्याजही मी धरलेलं नाही. मळ्यातल्या सालदाराला यातलं काही द्यायला कायदा तुम्हाला भाग पाडणार नाही. म्हणूनच हा हिशेब तुम्ही स्वतः, आपल्या हाताने कागदावर मांडा. भावाने दिलेले अकरा हजार त्यातून वजा करू नका.

निम्मं भावाचं देणं आहे, मी सगळं का देऊ, हा प्रश्न मनात येईल आणि तो रास्त आहे. माझं मत, सगळं द्या. तुम्हा बहीणभावाच्या हिशेबात त्या बाईने आणखी किती वर्षं अडकून राहायचं? हिशेबाच्या कागदाची एक प्रत भावाला पाठवा, सोबत एक शब्दही लिहू नका. त्याने त्याचा हिस्सा तुम्हाला आणून दिला तर उत्तमच.

पैसे दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत जाऊ द्या. तिचं खातं तिच्या एकटीच्या नावाचं असावं. नसेल तर ते उघडायला तुम्ही सोबत जा. तुम्ही शिक्षिका आहात, फॉर्म कसा भरायचा हे शांतपणे समजावणं तुमच्याइतकं कुणाला जमणार? आधी तुमच्या सीएला विचारून घ्या. नात्याबाहेरच्या माणसाकडून वर्षभरात ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून आली तर ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. त्यांच्यासारख्यांना प्रत्यक्षात कर बसेलच असं नाही, पण उद्या त्यांच्या दारात एखादी नोटीस जायला नको. रक्कम कशाबद्दल दिली हे साध्या मराठीत लिहून त्यावर तुमची सही करा आणि कागद त्यांच्याकडे ठेवा. या पैशाला ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती मिळत नाही. मिळाली नाही तरी चालेल.

आणि त्या पैशाचं काय करायचं हे त्यांना सांगू नका. मुलाच्या लग्नात उडवतील, नातेवाईक लुबाडतील, ही भीती आपल्याला लगेच वाटते. तुमच्या वाट्याचे पैसे हातात आले तेव्हा भावाने "आता हे असे असे गुंतव" म्हणून सांगितलं असतं तर तुम्हाला कसं वाटलं असतं? विचारलं तर सांगा.

आता उरले पावणेअकरा लाख. हेही पूर्णपणे तुमचे आहेत असं मला वाटत नाही. सालदार एक होता, पण छाटणीला टोळ्या यायच्या. पेठ, सुरगाणा, दिंडोरीच्या डोंगरातल्या पाड्यांवरून, मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या. त्यांची नावं तुमच्या घरातल्या कुठल्याच वहीत नसतील. आज त्यांना शोधणं शक्य नाही. त्यांच्या गावांकडे मात्र जाता येतं. पाऊस धो धो पडतो तरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, भात-नागलीचं एकच पीक निघतं, कसत्या जमिनीचा कागद नसतो, म्हणून ती माणसं भल्या पहाटे पिकअपमध्ये उभी राहून नाशिकच्या बागांकडे येतात. तुमचे उरलेले पैसे तिथे, त्या कारणापाशी जायला हवेत.

ब्लँकेटबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण ते मी जवळून पाहिलं आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका संस्थेचे हिशेब ठेवायचे. जुलैच्या अखेरीस पेठच्या एका पाड्यावर वाटप होतं, मी यादी घेऊन गेले होते. दीडेकशे बायका सकाळी आठपासून शाळेच्या पडवीत बसल्या होत्या. पाहुण्यांची गाडी घाटात अडकली, ते दोन वाजता पोहोचले. मग हार, भाषणं. एकेकीला पुढे बोलवायचं, ब्लँकेट हातात ठेवायचं आणि फोटो निघेपर्यंत सोडायचं नाही. देणाऱ्याचा हातही त्या ब्लँकेटवर, घेणारीचाही. एक म्हातारी अंगठा द्यायला माझ्या टेबलाशी आली तेव्हा तिच्या पोटऱ्यांवर चिखल वाळून पांढरा झाला होता. "लवकर आटप बाई, आवणी राहिली," एवढंच ती म्हणाली. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस हातावर मोजण्याइतके असतात. रोप उपटून ठेवलेलं, वाफ्यात पाणी साचलेलं, आणि गावातल्या सगळ्या बायका आम्ही दिवसभर बसवून ठेवल्या होत्या. घरी येऊन मी वहीत हिशेब लिहायला बसले. ब्लँकेटची किंमत आणि त्या दिवशीची बुडालेली मजुरी, दोन आकडे जवळजवळ सारखेच निघाले. त्या वर्षीच्या अहवालात पहिला आकडा छापून आला. दुसरा कुठे लिहायचा त्याला रकानाच नव्हता.

म्हणून मैत्रिणींना एवढं जरूर सांगा, की द्यायचंच असेल तर आवणी-काढणी टाळून द्या, पाड्यावरच्याच कुणाकडे द्या आणि फोटो काढू नका.

दानाने आर्थिक न्याय येतो का, असं तुम्ही विचारलंत. एकट्या दानाने येत नाही, असंच मी म्हणेन. १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना शंभर एकरांचं पहिलं भूदान मिळालं. पुढे देशभर लाखो एकर जमीन मिळाली. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, विनोबांच्या पायपिटीला तर तोड नव्हती. पण मिळालेल्यातली पुष्कळ जमीन खडकाळ किंवा वादातली निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही. कुठला तुकडा द्यायचा हे शेवटी देणाराच ठरवत होता. आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड, १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचे खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले सहकारी, यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी होती. हजारो माणसं त्यासाठी तुरुंगात गेली. मन वळवणं आणि मागणी करणं यांतलं मी दुसऱ्याच्या बाजूची आहे, हे लपवत नाही.

मग दान कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर मला २०१८ च्या मार्चमध्ये मिळालं. ६ तारखेला नाशिकहून शेतकरी मुंबईकडे पायी निघाले, बहुतेक आपल्याच डोंगराळ तालुक्यांतले आदिवासी. वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मोठी मागणी. एकशेऐंशी किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात, दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून, दिवसभराची चाल झालेली असताना ते रात्रीच पुन्हा उठून चालले आणि १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानावर पोहोचले. तळपाय सोलवटलेली ती माणसं तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. त्या रस्त्यावर मुंबईच्या लोकांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. चपलांनी कुणाला सातबारा मिळत नाही. पण जो माणूस स्वतःच्या हक्कासाठी चालत निघाला आहे त्याच्या पायात चप्पल घालणं, यापेक्षा नेमक्या जागी पडलेलं दान मी पाहिलेलं नाही. कुठे जायचं, काय मागायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. देणाऱ्याने फक्त चालणं थोडं सुसह्य केलं. सरकारने तेव्हा लेखी आश्वासन दिलं, तरी २०१९ ला आणि २०२३ ला त्यांना पुन्हा निघावं लागलं. म्हणजे चपला अजून लागणार आहेत.

तुमच्या पावणेअकरा लाखांच्या चपला कशा होतील ते सांगते. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला कसत असलेल्या, जास्तीत जास्त चार हेक्टर जमिनीचा हक्क त्यात मिळू शकतो. दावा आधी ग्रामसभेकडे, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. गावातल्या जाणत्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो, हे कित्येकांना माहीत नसतं. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला साठ दिवसांची मुदत असते. कागद पाड्यावर पोहोचतो, खांबाला अडकवलेल्या पिशवीत राहतो, आणि साठ दिवस निघून जातात. तिथे एक माणूस लागतो, त्याच भागातला, शिकलेला, मोटारसायकलवर पाडे फिरणारा. कागद वाचून दाखवणारा, नकाशा करून घेणारा, तारखेला लोकांबरोबर नाशिकला येणारा. अशा कार्यकर्त्याला महिना २५,००० रुपये द्यायचे म्हटले तर तीन वर्षांचे नऊ लाख होतात. उरलेल्यात पेट्रोल, झेरॉक्स, एसटीचं भाडं.

या पगाराला पैसे देणारा भेटणं फार अवघड असतं. इमारतीला देणगीदार मिळतो, कारण तिच्यावर पाटी लावता येते. कार्यकर्त्याच्या पगारावर पाटी कुठे लावणार? हिशेब ठेवत असताना मी दर मार्चला हेच पाहायचे. खोल्यांचा निधी शिल्लक, आणि त्या खोल्यांत बसून काम करणाऱ्याचा पगार थकलेला.

म्हणून शाळेच्या खोलीला माझा नकार आहे. खोली बांधणं हे सरकारचं काम आहे, ते गावाने मागून घ्यावं. संस्थेला एकच प्रश्न विचारा, "हेच पैसे तीन वर्षांच्या पगाराला दिले तर चालतील का? पाटी नको." उत्तर काय येतं त्यावरून तुम्हाला संस्थाही कळेल. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, ८०जीचं प्रमाणपत्र मागून घ्या. चांगल्या संस्था विचारल्याने रागावत नाहीत. दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, करात त्याची वजावट मिळत नाही. तुम्ही नव्या करपद्धतीत असाल तर तशीही ८०जीची सवलत नाही. रक्कम एकदम न देता दरवर्षी द्या, पण तीन वर्षांचा शब्द आजच लेखी द्या, म्हणजे त्या माणसाला पुढच्या वर्षी नोकरी राहील का हा घोर नको. आणि मधेच "किती पट्टे मिळाले?" म्हणून तगादा लावू नका. सरकारी कागद देणगीदाराच्या सोयीने हलत नाहीत.

सभामंडपाला गावासारखी वर्गणी द्या, अकरा हजार. त्या देवळाशी तुमचं लहानपण जोडलेलं आहे, त्यात चूक काही नाही.

त्या नाक्यावर परत जाल तेव्हा पैसे घेऊन जाऊ नका. आधी नुसत्या जा. दोघं कुठे राहतात ते विचारा, आणि तिचं नाव तिच्याच तोंडून ऐका. हिशेबाचा कागद दुसऱ्या खेपेला, त्यांच्या घरी बसून दाखवा. आकडा कमी वाटला तर त्यांना बोलू द्या. सकाळी साडेसातच्या आत पोहोचा, कारण काम मिळालं की माणसं ट्रॅक्टर-पिकअपमधून निघून जातात. आठनंतर गेलात आणि तो भेटला, तर समजा त्या दिवशी त्याला काम मिळालेलं नाही.